'रेसिडेंट ईव्हिल २' पहिल्यांदा खेळताना
'रेसिडेंट ईव्हिल २' हा झाँबींचा भयावह व्हिडिओ गेम पहिल्यांदा कसा खेळावा, असे सिडकोतील भेटीत तुम्ही विचारले होते, म्हणून लिहितो. १९९८ च्या मूळ खेळाऐवजी २०१९ ची नवी आवृत्ती आधी घ्यावी, कारण तिच्यातील रॅकून सिटी या काल्पनिक शहराचे पोलीस ठाणे हीच या खेळाची खरी ताकद आहे. एकेक कुलूप उघडत गेल्यावर ती इमारत पंचवटीतल्या जुन्या वाड्यासारखी अंगवळणी पडते, आणि नेमक्या त्याच वेळी मिस्टर एक्स या सतत पाठलाग करणाऱ्या धिप्पाड शत्रूच्या जड बुटांचा आवाज वरच्या मजल्यावरून येऊ लागतो. नाशिकरोडच्या माझ्या खोलीत हेडफोन लावून तो मी प्रथम ऐकला, तेव्हा माझ्याकडे पिस्तुलाच्या जेमतेम चार गोळ्या उरल्या होत्या. गोळ्या जपाव्यात, प्रत्येक झाँबीला मारलेच पाहिजे असे नाही, पायावर नेम धरून त्याला पाडावे आणि पुढे निघावे. लिकर हा लांब जिभेचा राक्षस आंधळा असून आवाजावर झेपावतो, त्यामुळे त्याच्याजवळून सावकाश चालावे.

उणीव मात्र मला मनापासून खटकते. लिऑन आणि क्लेअर या दोन नायक-नायिकांच्या कथा एकमेकींना पूरक असायला हव्या होत्या, परंतु एकाची कथा संपवून दुसऱ्याची खेळताना, म्हणजे दुसऱ्या फेरीत, बरीचशी तीच कोडी आणि तेच शत्रू पुन्हा समोर येतात. तरीही ती फेरी सोडू नका, कारण खरा शेवट तिच्यातच आहे.