आमदार-खासदारांच्या सवलती आणि वागणुकीचा संताप येतो, पण आपण करू तरी काय शकतो?

तुम्ही लिहिलंय की आमदाराला एका टर्मवर जन्मभराची पेन्शन मिळते आणि तीस वर्षं राबलेल्या माणसाला ती नाही. वर हेच लोक अधिकाऱ्यांवर हात उचलतात, रातोरात पक्ष बदलतात, गुन्हे नावावर असताना निवडून येतात. हा राग बोलून दाखवण्याचा काही उपयोग आहे का, की मत देऊन गप्प बसायचं, आणि ‘नोटा’ने, म्हणजे यातला कोणीच उमेदवार नको या मताने, काही होतं का, असा तुमचा प्रश्न आहे.

राग रास्त आहे, आणि तो मलाही आहे. मी आठ वर्षं एका आमदारांच्या संपर्क कार्यालयात काम केलं. पत्रं टाईप करायची, फोन घ्यायचे, आलेल्या माणसाचं काम कुठल्या टेबलावर अडलंय ते शोधायचं, हे माझं काम. नाव, गाव, पक्ष सांगणार नाही, कारण मी जे पाहिलं ते एका माणसापुरतं नव्हतं. त्या आठ वर्षांनी माझं मत असं झालंय की आपला बहुतेक राग पगार आणि पेन्शनवर खर्च होतो. खरं नुकसान करणारी सवलत कुठल्याच तक्त्यात लिहिलेली नसते, म्हणून तिच्याकडे लक्षच जात नाही.

पेन्शनचा राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. २०१६ च्या वाढीनंतर महाराष्ट्रात माजी आमदाराला दरमहा ५०,००० रुपये आणि पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षासाठी २,००० रुपये जादा, असा हिशोब झाला. खासदारांचा पगार १ एप्रिल २०२३ पासून १,२४,००० रुपये आणि पेन्शन ३१,००० रुपये झाली, तीसुद्धा मार्च २०२५ मध्ये, मागच्या तारखेपासून. दुसऱ्या बाजूला १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सरकारच्या सेवेत लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद झाली, आणि ती परत मिळावी म्हणून मार्च २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांना संपावर जावं लागलं. खासगी कंपन्यांतून निवृत्त झालेल्यांची किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयांवर अडकली. संजय गांधी निराधार योजनेचे १,५०० रुपये मिळावेत म्हणून एकट्या बायका उत्पन्नाचा दाखला, वयाचा दाखला घेऊन तहसीलच्या किती फेऱ्या मारतात ते मला माहीत आहे, कारण त्यांचे फॉर्म मीच भरून दिलेत. हे सगळं डोळ्यांसमोर असलेल्या माणसाला आमदाराची पेन्शन खटकणारच.

पण खटकायला हवी ती रक्कम नाही, ती ठरवण्याची पद्धत. संविधानाच्या अनुच्छेद १०६ प्रमाणे खासदारांचा आणि १९५ प्रमाणे आमदारांचा पगार त्यांच्याच सभागृहाने केलेल्या कायद्याने ठरतो. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष या विधेयकावर मात्र एक होतात. ब्रिटनमध्ये २००९ साली खासदारांच्या खर्चाची बिलं बाहेर आली आणि लोक इतके खवळले की भत्ते आणि पुढे पगारही ठरवण्याचं काम एका स्वतंत्र संस्थेकडे गेलं. आपल्याकडे २०१८ साली खासदारांचा पगार महागाईच्या निर्देशांकाला जोडला, ते अर्धं पाऊल म्हणता येईल. पंजाबने २०२२ मध्ये कितीही वेळा निवडून आलात तरी पेन्शन एकच, असा कायदा केला. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं. संसदेच्या उपाहारगृहातलं अनुदान २०२१ मध्ये बंद झालं, लाल दिवे १ मे २०१७ पासून उतरले. दोन्ही चांगलं झालं, आणि त्याने कोणाचं वागणं बदललं नाही.

आता मी जी सवलत म्हणतोय ती सांगतो.

एका रात्री साडेअकराच्या सुमारास आमच्या एका कार्यकर्त्याच्या मुलाला दारू पिऊन गाडी चालवताना पोलिसांनी पकडलं. वाटेत त्याने एका सायकलवाल्याला धक्का दिला होता. त्या माणसाचं मनगट मोडलं होतं. साहेबांचा एक फोन गेला आणि मुलगा वीस मिनिटांत घरी पोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी, त्या रात्री ड्युटीवर असलेला हवालदार आमच्या कार्यालयात आला. मला वाटलं तक्रार करायला आला असेल. तो बदलीसाठी आला होता. मुलगी दहावीला होती, घरापासून लांबचं ठाणं त्याला झेपत नव्हतं, साहेबांचं शिफारसपत्र हवं होतं. ते पत्र मी टाईप केलं. सायकलवाला काही आला नाही. त्याचं नावसुद्धा मला कळलं नाही, आणि ते विचारायचं मला सुचलं नाही याची लाज आजही वाटते.

हा फोन कुठल्याही वेतनपत्रकात नाही. माहितीच्या अधिकारात त्याची प्रत मिळत नाही. सरकारी नोकराने सेवेच्या कामासाठी राजकीय दबाव आणू नये असं सेवानियमांत लिहिलेलं आहे. पोलिसांच्या बदल्या राजकारण्यांच्या हातून काढून पोलीस आस्थापना मंडळाकडे, म्हणजे वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांच्या मंडळाकडे, द्याव्यात असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रकाश सिंह खटल्यात सांगितलेलं आहे. तरी आमच्या टेबलावर बदलीचे अर्ज रोज येत होते. शिक्षक, तलाठी, नर्स, ग्रामसेवक सगळे यायचे. त्यातले बरेच खरोखर अडलेले असत, त्यांना दोष देणं मला जमत नाही. पण ज्याची बदली साहेबांच्या हातात आहे तो हवालदार साहेबांच्या माणसावर गुन्हा कसा नोंदवणार? गैरवर्तन करणाऱ्याला जी खात्री लागते, की आपल्याला काही होणार नाही, ती अशी एकेक पत्राने तयार होते. अधिकाऱ्याच्या कानाखाली मारणारा आमदार आपल्याला कॅमेऱ्यात दिसतो. त्याच्या मागची ही वर्षं दिसत नाहीत.

आणखी एक गोष्ट. आठ वर्षांत त्या कार्यालयात लग्नपत्रिका आल्या, वर्गणीच्या पावत्या आल्या, दवाखान्यात बेड मिळवून द्या म्हणून रात्री दोनला फोन आले. पण या अधिवेशनात साहेबांनी मंत्र्यांना तोंडी उत्तर द्यावं लागतं असे किती तारांकित प्रश्न विचारले, तातडीच्या विषयावर कोणती लक्षवेधी सूचना मांडली, अमुक विधेयकावर मत काय दिलं, हे विचारणारा एकही माणूस आला नाही. एकही नाही. ज्या कामासाठी आपण त्यांना निवडून देतो त्याचा हिशोब कोणी मागत नाही, हे त्यांना पक्कं माहीत असतं.

सभागृहाला स्वतःची माणसं शिस्तीत ठेवताच येत नाहीत, असंही नाही. १९५१ मध्ये, पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायच्या आधीच, मुंबईचे खासदार एच. जी. मुदगल यांनी सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेचे पैसे घेऊन सभागृहात तिची बाजू मांडली, असा आरोप झाला. ते पंतप्रधानांच्याच पक्षाचे होते. नेहरूंनी स्वतः चौकशी समितीचा प्रस्ताव मांडला, समितीने दोषी ठरवलं, हकालपट्टीच्या तोंडावर मुदगलांनी राजीनामा दिला. २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना खासदार छुप्या कॅमेऱ्यात सापडले. चित्रण १२ डिसेंबरला दाखवलं गेलं, २३ डिसेंबरला अकरा खासदार सदस्यत्वाला मुकले. दहा लोकसभेचे, एक राज्यसभेचा, पक्ष वेगवेगळे, आणि त्यात दोन महाराष्ट्रातले. अकरा दिवस लागले.

आता दुसरं उदाहरण बघा. जुलै १९९३ मध्ये नरसिंह राव सरकारवरच्या अविश्वास ठरावाच्या वेळी काही खासदारांनी लाच घेऊन मत दिल्याचं प्रकरण न्यायालयात गेलं. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी तीन विरुद्ध दोन असा निर्णय दिला की सभागृहातल्या मताला अनुच्छेद १०५ चं संरक्षण आहे, म्हणून लाच घेऊन मत देणाऱ्यांवर खटला चालणार नाही. लाच देणाऱ्यांवर मात्र चालेल. ज्याने घेतली पण मतच दिलं नाही, त्याच्यावरही चालेल. हा निर्णय सात न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने रद्द केला ४ मार्च २०२४ रोजी. मधली सव्वीस वर्षं देशाचा कायदा तोच होता. लोकपालाचंही तसंच. आंदोलन २०११ मध्ये, कायदा २०१३ मध्ये, आणि पहिले लोकपाल नेमले गेले ते मार्च २०१९ मध्ये. माझा सगळ्यात जास्त राग या वेळकाढूपणावर आहे. न्यायालयाने २०१४ साली सांगितलं की आमदार-खासदारांवरचे गंभीर खटले आरोप निश्चित झाल्यापासून एका वर्षात संपवा. आणि २०२४ च्या लोकसभेत निवडून आलेल्या ५४३ पैकी २५१ जणांनी स्वतःच्या प्रतिज्ञापत्रात फौजदारी गुन्हे नोंद असल्याचं लिहून दिलंय. २००९ मध्ये हा आकडा १६२ होता. यातले काही गुन्हे आंदोलनाचे असतील, काही विरोधकांनी मुद्दाम घातलेले असतील, हे मी मान्य करतो. पण खटले वेळेत चालले तर निर्दोष माणूसही सुटेल. खटला रेंगाळण्याचा फायदा फक्त दोषीला होतो.

मग उपयोग कशाचा होतो? मला उत्तर सापडलं ते याच प्रतिज्ञापत्राच्या इतिहासात. उमेदवाराचे गुन्हे, संपत्ती आणि शिक्षण आज आपण फोनवर वाचू शकतो ते कोणा पक्षाने दिलेलं नाही. एडीआर ही निवडणूक सुधारणांसाठी काम करणारी संस्था अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतल्या काही प्राध्यापकांनी सुरू केली. त्यांनी न्यायालयात अर्ज केला, आणि उमेदवाराने ही माहिती जाहीर करावी असा २००२ मध्ये निकाल लागला. त्यावर सगळ्या पक्षांनी मिळून तो निष्प्रभ करणारी दुरुस्ती केली, आणि मार्च २००३ मध्ये न्यायालयाने ती दुरुस्तीही फेटाळली. दोन वर्षांची शिक्षा झाली की सदस्यत्व ताबडतोब जातं, हे घडलं लिली थॉमस नावाच्या एका वकील बाईंच्या याचिकेमुळे, जुलै २०१३ मध्ये. तोपर्यंत तीन महिन्यांत अपील दाखल केलं की शिक्षा झालेला माणूस सभागृहात बसून राहू शकत होता. तेव्हाही वटहुकूम काढून निकाल फिरवायचा प्रयत्न झाला आणि लोकांचा रोष बघून मागे घ्यावा लागला. राळेगणच्या अण्णा हजारेंच्या उपोषणांमुळे महाराष्ट्राला माहितीचा अधिकार देशाच्या तीन वर्षं आधी, २००२ मध्ये मिळाला. या प्रत्येक ठिकाणी राग होता, पण तो एका कलमावर, एका कागदावर धरलेला होता.

‘नोटा’बद्दल तुम्ही विचारलंय. लोकसभा-विधानसभेत त्याने निकाल बदलत नाही, उमेदवारांत सर्वाधिक मतं घेणारा निवडून येतोच, नोटाला त्याहून जास्त मिळाली तरी. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मात्र नोटा पुढे गेल्यास फेरनिवडणूक घ्यायचा आदेश काढला. तेवढ्यापुरता तो कामाचा आहे.

मी काम सोडल्यावर स्वतः काय केलं ते सांगतो, छोटं आहे. आमच्या भागात आमदार निधीतून एक सभामंडप झाला होता. हा निधी २०२२ पासून प्रत्येक आमदारामागे वर्षाला पाच कोटी रुपये आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून मी चार कागद मागितले: प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तकाची प्रत. तीस दिवसांत उत्तर आलं नाही. पहिलं अपील केलं, मग आलं. अंदाजपत्रकात शहाबादी फरशी होती, मोजमाप पुस्तकात ती बसवल्याची नोंद आणि सही होती, जागेवर साधा कोबा होता. मी फोटो आणि कागद एकत्र जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार दिली. दोन महिन्यांत फरशी बसली. सही करणाऱ्यावर कारवाई झाली नाही, ठेकेदार आजही कामं घेतो, आणि जुने सहकारी माझ्याशी बोलत नाहीत. पण पुढच्या कामाच्या वेळी, गल्लीतलं गटार होतं ते, शेजारचे तिघे जण अंदाजपत्रकाची प्रत हातात घेऊन उभे होते. त्यांना मी बोलावलं नव्हतं.

तुमच्या भागात गेल्या दोन-तीन वर्षांत आमदार किंवा खासदार निधीतून झालेलं एखादं काम असेल, तर तिथल्या फलकावरचं कामाचं नाव, साल आणि रक्कम मला कळवा. फलक नसेल तर तेही कळवा, मग पहिला अर्ज जिल्हा नियोजन कार्यालयात करावा लागेल. मसुदा मी लिहून देतो, सही आणि पत्ता तुमचा.