काळी चार: जी शार्प की ए फ्लॅट?

प्रश्न: मी पेटी वाजवतो. कॉम्प्युटरला मिडी कीबोर्ड जोडून म्यूझस्कोर या नोटेशन लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये भीमपलासची बंदिश लिहून काढतोय, कारण ग्रुपमधल्या व्हायोलिनवाल्याला आणि क्लॅरिनेटवाल्याला सरगम वाचता येत नाही. सा पांढरी चार, म्हणजे एफ. बाकी सगळं नीट उमटतं, पण कोमल ग, म्हणजे काळी चार, दर वेळी ए फ्लॅट (उतरलेला ए) ऐवजी जी शार्प (चढलेला जी) म्हणून येतो. ऐकायला तर बरोबरच आहे, मग बदलायची गरज आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: आहे, आणि पेटीवाले असल्यामुळे तुम्हाला लगेच पटेल. कोमल ग ला तुम्ही कधी ‘तीव्र रे’ म्हणता का? पट्टी कुठलीही असो, ग तो ग. स्टाफवर, म्हणजे पाच रेषांच्या नोटेशनमध्ये पण तसंच, सा एफ, रे जी, मग ग ए च्याच जागेवर बसायला हवा, नाहीतर रे आणि ग एकाच रेषेवर येतात आणि ‘ग रे सा’ उतरताना जी ला आधी शार्प मग नॅचरल (शार्प-फ्लॅट रद्द करणारं चिन्ह), वाचणारा वैतागतो. व्हायोलिनवाला तर जी शार्प दिसला की डी च्या तारेवर तिसरं बोट वर सरकवणार, ए फ्लॅट दिसला तर चौथं खाली घेणार, म्हणजे त्याच्यासाठी हा नुसता नावाचा प्रश्न नाहीये.

सॉफ्टवेअरला मात्र दोष देऊ नका. कीबोर्डवरून फक्त नंबर जातो, मधला सी 60 तर तुमची ही काळी चार 68, त्यात शार्प-फ्लॅट काही नसतं. नाव ठरतं ‘की सिग्नेचर’वरून (ओळीच्या सुरुवातीला लिहिलेले कायमचे शार्प-फ्लॅट), आणि तुम्ही ती रिकामी ठेवलेली दिसतेय, म्हणजे त्याच्या लेखी सगळं सी मेजर! एफ वरून भीमपलासच्या काफी थाटाला बी, ई, ए असे तीन फ्लॅट लागतात, ते आधी टाका मग वाजवा. नंतर टाकले तर आधीचे जी शार्प तसेच राहतात, तेव्हा नोट सिलेक्ट करून जे दाबायचं, नाव पालटतं. टूल्समध्ये ‘रिस्पेल पिचेस’ पण आहे, पण तो अंदाजाने काम करतो, एकदा नजर फिरवाच. आणि कॉम्प्युटरच्या कीबोर्डवरून अक्षरं टाकून लिहिताना जी वर वरचा बाण मारला तर शार्पच येणार, त्यापेक्षा ए लिहून खालचा बाण मारा.

क्लॅरिनेट बी फ्लॅटचा असेल तर त्याचा पार्ट एक पूर्ण स्वर वर लिहिला जातो, तिथे एकच फ्लॅट दिसेल. चुकलंय समजून छेडछाड करू नका.

प्रश्न: शुद्ध नि ला नॅचरल आला, पण पुढच्या बारमधल्या (दोन उभ्या रेघांमधल्या भागातल्या) कोमल नि ला फ्लॅट दिसतच नाही?
– एक वाचक, मडगाव

उत्तर: नॅचरलचा अंमल बारची रेघ आली की संपतो, पुढे की सिग्नेचरचाच फ्लॅट लागू. त्याच बारमध्ये, त्याच सप्तकात कोमल नि असता तर म्यूझस्कोरने आपणहून दाखवला असता. नियमाने गरज नाही, तरी पॅलेटमधून कंसातला फ्लॅट देऊन टाका, मी तरी रिहर्सलला दोनदा तोंडघशी पडल्यापासून देतोच.