रिपोर्ट उतरला म्हणजे पोर सुधारलं का?

प्रश्न : मॅडम, माझ्या बहिणीच्या साडेचार वर्षांच्या मुलाला सीएलएन-टू बॅटन निघालंय. आधी फिट्स आल्या, मग बोलणं मागे पडायला लागलं. नेटवर बघावं तर सगळीकडे बायोमार्कर, एनएफएल असलं काहीबाही. ही लेव्हल खाली आली की पोरगा सुधारतोय असं धरायचं का? – एक मावशी, नाशिक

उत्तर : ताई, तसं धरू नका. पण ते काहीबाही नाहीये हं, कामाचं आहे. बायोमार्कर म्हणजे शरीरात आजाराचं काय चाललंय ते दाखवणारी, मोजता येणारी खूण, आणि एनएफएल ही तसलीच एक.

बॅटन हा आनुवंशिक आजार, त्याच्या या सीएलएन-टू प्रकारात टीपीपी-१ हे एन्झाइम कमी पडतं, पेशींत कचरा साठत जातो आणि मेंदूतल्या पेशी मरायला लागतात. एनएफएल (न्यूरोफिलामेंट लाइट) हे त्या पेशींच्या लांब तंतूंमधलं प्रोटीन, तंतू तुटले की ते पाठीच्या पाण्यात झिरपतं आणि थोडंफार रक्तातही उतरतं, म्हणून साध्या रक्तातूनही मोजता येतं. उपचार न झालेल्या मुलांत ते वाढलेलं सापडलं आणि एन्झाइम द्यायला लागल्यावर उतरलं, इथवर छान. पण डोक्याला मार लागला तरी ते वाढतं. वर निरोगी पोरांतही तान्हेपणी जास्त असतं आणि नंतर काही वर्षं आपोआप कमी होत जातं, म्हणजे त्याच वयाच्या निरोगी मुलांचे आकडे शेजारी नसतील तर उतरलेल्या आकड्यावर खूश होण्यात अर्थ नाही. आणि खरंच उतरलं तरी पडझड मंदावली एवढंच कळतं, गेलेले शब्द परत आले असं नाही.

अमेरिकेत २०१७ ला सर्लिपोनेज अल्फा, म्हणजे हेच एन्झाइम देणारं औषध, मंजूर झालं, दर दोन आठवड्यांनी थेट मेंदूतल्या पाण्यात देतात ते, तेव्हा निर्णय रक्तावर झालाच नाही. ट्रायलमध्ये २३ मुलं, प्लासीबो म्हणजे नुसतं दिखाऊ औषध कुणालाच नाही, मोजलं काय तर चालणं आणि बोलणं, मिळून ६ गुण. तुलना केली ती उपचार न मिळालेल्या ४२ मुलांच्या जुन्या नोंदींशी, त्यांचे वर्षाला साधारण २ गुण जात होते आणि औषधवाल्यांचे त्याहून बरेच कमी. मला विचाराल तर त्या ट्रायलमधली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे त्या जुन्या नोंदी. डोळ्यांचं मात्र वेगळंच, मेंदूत दिलेलं औषध पडद्यापर्यंत पुरत नाही, नजर जातच राहते, आणि रक्तातला एक आकडा ते तुम्हाला सांगणार नाही.

मग एनएफएल हवं कशाला? २०२४ पासून तिकडे ३ वर्षांखालच्यांनाही हे औषध देता येतं. आता ज्या बाळाला अजून काहीच झालेलं नाही त्याचे गुण कसे मोजणार, जे बोलायलाच शिकतंय त्याचं बोलणं गेलं की नाही हे कसं ठरवणार? तिथे पेशी मरताहेत का हे आतून सांगणारं काहीतरी लागतंच.

म्हणून दोन कामं लगेच करा. धाकटं भावंड असेल तर त्याची एन्झाइम टेस्ट, कारण प्रत्येक भावंडाला ४ त १ धोका असतो. आणि भाच्याचे चालतानाचे, बोलतानाचे व्हिडिओ दर महिन्याला तारीख टाकून ठेवा, पुढेमागे ट्रायलसाठी विचारलं तर आधी कसं होतं हे तोंडी सांगत बसायला नको.