बॉक्स फोडण्याआधी वाटणीचं बोलून घे

पहिल्यांदाच चौघांत मिळून बेसबॉल कार्डांचा बॉक्स घेतोयस, तर पैसे देण्याआधी वाटणीचं पक्कं कर. वाटणी संघांवर होते: ज्याच्या वाट्याला जो संघ, त्या संघाची कार्डं त्याची. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य बेसबॉल लीगमध्ये, 30 संघ. चौघांत प्रत्येकी सात, उरतात दोन. त्यांचं काय, तेही ठरवा. माझं ऐकशील तर चिठ्ठ्या टाका. पसंतीने घ्यायचे म्हटलं की यांकीज आणि डॉजर्सवरून ओढाताण होतेच, मग त्या संघांना जास्त पैसे लावावे लागतात.

खरी गोची होते दोन संघांचे खेळाडू एकाच कार्डावर आले की. आमच्यात एकदा असं दोन सह्यांचं कार्ड निघालं. नियमच ठरला नव्हता. दोन चांगले मित्र महिनाभर एकमेकांशी बोलले नाहीत. तेव्हापासून मी आधीच कागदावर लिहून घेतो: असं कार्ड चिठ्ठीने जाईल, आणि खेळाडूने संघ बदलला असला तरी कार्डावर छापलेला संघच धरायचा.

पाकिटं एकानेच उघडावीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. हात धुऊन कोरडे करा आणि कार्ड कडांनी धरा. क्रोमवर, म्हणजे चकचकीत पृष्ठभागाच्या कार्डांवर, बोटाचा ठसा लगेच उमटतो. चांगलं कार्ड आधी मऊ प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये, मगच टॉपलोडरमध्ये, म्हणजे कडक प्लास्टिकच्या कव्हरात. घाईत सरकवलंस तर कोपरा दुमडतो, आणि तो काही पुन्हा सरळ होत नाही.

बॉक्सचे पैसे वसूल होतील असं धरून चालू नकोस, बहुतेकदा होत नाहीत. पण साधी कार्डंही टाकू नकोस. ‘आरसी’ (रुकी कार्ड, म्हणजे नवोदित खेळाडूचं कार्ड) खुणेची वेगळी काढ. पुढे मोठा स्टार झालेल्या माइक ट्राउटचं, टॉप्स कंपनीच्या 2011 च्या ‘अपडेट’ मालिकेतलं रुकी कार्ड साध्या संचातलंच होतं.