गुरूसारखे न होणारे शिष्य

प्रश्न : बुलेझ, स्टॉकहाउझन आणि झेनाकिस या आधुनिक रचनाकारांचे गुरू म्हणून ऑलिव्हिए मेसियाँ या फ्रेंच संगीतकाराचे नाव घेतले जाते. परंतु या तिघांचे संगीत ना गुरूंसारखे आहे, ना एकमेकांसारखे. मग मेसियाँ यांनी त्यांना शिकवले तरी काय? — एक वाचक

उत्तर : शिष्याच्या गळ्यातून गुरू ऐकू यावा, अशी सवय झालेल्या कानांना हा प्रश्न पडणारच. मेसियाँ (१९०८–१९९२) यांनी शैली दिली नाही. जे आपल्यापाशी आहे त्यातूनच संगीत घडवावे, हे शिकवले आणि ते त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातून आलेले होते. १९४० मध्ये ते जर्मनांचे युद्धकैदी झाले. गोर्लिट्झच्या छावणीत क्लॅरिनेट, व्हायोलिन आणि चेलो वाजवणारे तिघे भेटले, पियानोवर ते स्वतः बसले आणि याच चार वाद्यांसाठी लिहिलेली रचना १५ जानेवारी १९४१ रोजी कैद्यांपुढे सादर झाली. सुटकेनंतर त्याच वर्षी पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटॉयर या संगीत महाविद्यालयात त्यांनी शिकवायला आरंभ केला, तो १९७८ पर्यंत.

त्यांची स्वतःची शिदोरी मात्र जगावेगळी होती. रानात जाऊन पाखरांचे बोल ते स्वरलिपीत उतरवून घेत. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त नोंदवलेले १२० देशी ताल एका फ्रेंच विश्वकोशात त्यांच्या हाती लागले आणि जन्मभर पुरले. गुरू-लघू-गुरू, म्हणजे दोन-एक-दोन मात्रा, हा क्रम उलटा वाचला तरी तोच राहतो. अशा लयींवर त्यांनी आपल्या रचनांचा मोठा डोलारा उभा केला. आपल्या मातीतल्या ग्रंथाचे इतके मनापासून वाचन पॅरिसमध्ये झाले, याचे मला फार अप्रूप वाटते. दहा भागांच्या भव्य सिंफनीला त्यांनी ‘तुरंगलीला’ हे संस्कृत नाव दिले.

यानिस झेनाकिस त्यांच्याकडे आले तेव्हा तिशीला टेकलेले होते आणि ल कॉर्ब्युझिए या वास्तुरचनाकाराच्या कार्यालयात अभियंता म्हणून काम करत होते. हार्मनी (एकत्र वाजणाऱ्या स्वरांची जुळणी) आणि काउंटरपॉइंट (एकाच वेळी चालणाऱ्या सुरावटींची गुंफण) पहिल्यापासून शिकू का, असे त्यांनी विचारले. नको, असे मेसियाँ म्हणाले. गणित आणि वास्तुकला तुम्हाला येते, तेच संगीतात आणा, असा त्यांचा सल्ला होता. १९५५ मध्ये झेनाकिस यांची ‘मेटास्टॅसिस’ पहिल्यांदा वाजली, तेव्हा तिच्यातल्या तंतुवाद्यांच्या मींडा त्यांनी आलेखाच्या कागदावर सरळ रेघांनी आखलेल्या होत्या.