कौल उजवा पडेपर्यंत

प्रश्न असा आलाय की आयर्लंडच्या लोकांनी २००८ मध्ये मतदान करून लिस्बन तह (युरोपियन युनियनचा कारभार कसा चालावा हे ठरवणारा करार) फेटाळला, त्याला मराठीत जनमत चाचणी म्हणायचं का, आणि तिथल्या लोकांनी 'कौल' दिला म्हटलं तर चालतं का.

जनमत चाचणी? नाही हो! कितीदा सांगायचं. चॅनेलवाले हजार-दोन हजार लोकांना विचारून आकडे काढतात ती जनमत चाचणी. अख्ख्या देशाने मतपेटीत टाकलं ते सार्वमत. झालं.

आता कौल. मूळ अरबी, बोललेला शब्द, दिलेलं वचन. कव्वाल आणि कव्वाली त्याच धातूतून आलेत, म्हणजे आपला कौल हा कव्वालीचा सख्खा भाऊ! मराठीत तो दफ्तरातून शिरला, कौलनामा, कौलकरार. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्या रयतेला सरकार सवलतीचा कौल द्यायचं. म्हणजे तेव्हा कौल सरकार देणार आणि रयत घेणार, आज बरोब्बर उलटं. हे उलटलं कुठे? माझ्या मते देवळात. कोकणात गुरव गाऱ्हाणं घालतो, देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि सगळे श्वास रोखून बघत बसतात, उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. निवडणुकीतला कौल इथूनच आलाय, कारण इथेही तो मागावा लागतो. आमचे एक मास्तर ठासून सांगायचे की हा शब्द शाक्तांच्या, म्हणजे देवीच्या उपासकांच्या, कौल नावाच्या तांत्रिक पंथावरून आला. मग कौलनाम्यात काय तांत्रिक बसले होते का? (छपरावरचं कौल निराळं, ते नपुंसकलिंगी, कपालवरून आलेलं.)

आणि आयर्लंडला तर हा शब्द इतका फिट बसतो की विचारू नका. १२ जून २००८, ५३.४ टक्के नाही, सरळ डावा कौल. पंतप्रधान ब्रायन कोवेन म्हणाले लोकांच्या मताचा आदर आहे, युरोपियन कमिशनचे, म्हणजे युनियनच्या कार्यकारी मंडळाचे, अध्यक्ष बारोझो म्हणाले तह अजून जिवंत आहे. आता डावा कौल पडला की गुरव काय करतो? गाऱ्हाण्यात भर घालतो, नवस बोलतो आणि परत पाकळ्या लावतो. इथेही युनियनने आयर्लंडला तटस्थता, करआकारणी, गर्भपात याबद्दल हमी दिली, कमिशनवर प्रत्येक देशाचा एक कमिशनर राहील म्हणाले, आणि २ ऑक्टोबर २००९ ला परत लावला, ६७.१ टक्के उजवा! त्याआधी युनियनच्याच नीसच्या तहालाही आयर्लंडमध्ये हेच, २००१ मध्ये डावा, २००२ मध्ये उजवा. डेन्मार्कलाही युनियनच्या मास्ट्रिख्ट तहाच्या वेळी १९९२ नंतर ९३ मध्ये परत लावावा लागला होता.

फ्रान्सने मात्र कमाल केली. २००५ मध्ये लोकांनी युरोपियन राज्यघटना फेटाळली, तर त्यातलाच बराचसा मजकूर लिस्बन तहात घालून २००८ मध्ये संसदेतूनच मंजूर करून घेतला, देवाला विचारलंच नाही.

हां, तुमचा प्रश्न राहिला. मथळ्यात सार्वमत लिहा, खाली कौल चालेल, पण 'तो' कौल, 'ते' नव्हे.