नवीन देशात आलेय, डबे शोधत फिरू का?

प्रश्न: ताई, नोकरीसाठी चार महिन्यांपूर्वी नवीन देशात आले. ओळखी नाहीत, सुट्टीच्या दिवशी घरातच असते. परवा बागेत एक आजोबा बाकाखाली हात घालून काहीतरी चाचपत होते, विचारलं तर म्हणाले जिओकॅशिंग, म्हणजे कोणीतरी लपवलेले डबे फोनच्या जीपीएसवर शोधायचा खेळ. मी पण ॲप टाकलं, एका ठिकाणी पाऊण तास शोधलं, काही मिळालं नाही, लोक बघायला लागले तशी निघून आले. पुढे करू का सोडून देऊ?

उत्तर: अजिबात सोडू नकोस! मीही परक्या देशात गेल्यावरच याच्या नादाला लागले म्हणून एवढं ठामपणे सांगतेय. तोवर मला घर, ऑफिस आणि बसस्टॉप एवढंच शहर माहीत होतं, मग कॅश, म्हणजे हे लपवलेले डबे, शोधता शोधता कुठल्या पुलाशेजारून नदीकडे उतरता येतं, कुठली गल्ली थेट टेकडीवर निघते हे कळत गेलं, आणि एक दिवस कोणीतरी मलाच रस्ता विचारला आणि मला तो सांगता आला, त्या दिवशीचा आनंद अजून आठवतो.

तुला नाही मिळाला कारण बहुतेक तू मायक्रो किंवा नॅनो निवडलास. मायक्रो म्हणजे कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीएवढा, नॅनो तर बोटाच्या पेराएवढा, मॅग्नेटने रेलिंगला चिकटलेला, त्यात भलेभले हरतात. आधी रेग्युलर साइझचे घे. डिफिकल्टी (शोधायला किती अवघड) आणि टेरेन (तिथे पोचायला किती अवघड) दोन्हीला 1 ते 5 रेटिंग असतं, पहिले दहाएक कॅश 1.5 च्या आतलेच कर. आणि निघण्याआधी शेवटचे लॉग, म्हणजे आधी शोधणाऱ्यांनी ॲपमध्ये टाकलेल्या नोंदी, वाच, मागच्या चार जणांनाही मिळाला नसेल तर डबा गायबच असण्याची शक्यता जास्त. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मी पावसात दोनदा उगाच गेले होते.

दुसरं म्हणजे फोनच्या बाणावर फार विसंबू नकोस, झाडीत आणि उंच इमारतींमध्ये तो बरेच मीटर हुकतो. दहा पावलांवर आलीस की फोन खिशात टाक आणि नुसतं बघ, आपणहून अशा पडणार नाहीत अशा ओळीत ठेवलेल्या काटक्या किंवा रचल्यासारखे दगड दिसले की हात घाल.

खरं तर हा खेळ आला तोच जीपीएसची अचूकता वाढल्यावर. आधी अमेरिकन सरकार सामान्य लोकांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक ठेवायचं, 100 मीटरपर्यंत फरक पडायचा. मे 2000 च्या सुरुवातीला ती चूक काढली आणि 3 मे ला डेव्ह अल्मर यांनी अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली लपवून तिचे कोऑर्डिनेट्स (अक्षांश-रेखांश) इंटरनेटवर टाकले. आतलं काहीतरी घ्या आणि काहीतरी ठेवा असा त्यांचा नियम होता, तो आजही चालतो, फक्त घेतलंस त्याच्याइतकं किंवा त्याहून चांगलं ठेव. खायचं काही ठेवू नकोस, प्राणी डबा फोडतात.

लोक बघतात त्याचं म्हणशील तर खेळाबाहेरच्यांना आमच्यात मगल म्हणतात आणि ते गेल्याशिवाय डबा काढायचा नाही, नाहीतर जागा फुटते. बाकावर बसून राहा, फोनवर बोल, कोणी विचारलंच तर सरळ खरं सांग, तुझ्या त्या आजोबांनी सांगितलं तसं. कोणाच्या खासगी आवारात मात्र शिरायचं नाही.

ओळखींसाठी ॲपमध्ये इव्हेंट कॅश शोध. तिथे डबा नसतो, ठरलेल्या वेळी खेळणारे लोक नुसते भेटतात, आणि नवीन माणूस आला की त्याला पहिला कॅश दाखवायला तिघं-चौघं उठतात, निदान माझ्यासाठी तरी उठले होते.

आणि हो, त्या पाऊण तासाचा डीएनएफ, म्हणजे सापडला नाही असा लॉग, आजच टाक. त्यात लाज कसली, तो वाचूनच डबा लपवणारा मालक तो जागेवर आहे का ते बघायला जातो. शनिवारी जाताना नाव लिहायला पेन घे, छोट्या डब्यात फक्त कागद मावतो.